चंद्र कधी उगवतो, कधी मावळतो : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संकष्टीच्या संध्याकाळी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गच्च्यांवर एकच विचारणा असते : "चांद निंघना का?" उत्तर हल्ली मोबाइलवर मिळतं आणि ते बरोबरही असतं. पण तिथी ठाऊक असली की चंद्र या घटकेला आकाशात कुठे असेल, हे तोंडी हिशेबाने सांगता येतं. हा हिशेब खान्देशातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. खाली दिलेल्या वेळा तापीच्या खोऱ्यातल्या, म्हणजे 21 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासच्या आहेत.

तिथीवरून चंद्राची वेळ कशी काढायची?

एका तिथीला दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं धरायची. शुक्ल पक्षात तिथीच्या आकड्याला 48 ने गुणा आणि येणारा वेळ सूर्यास्तात मिळवा. चंद्र साधारण तेव्हा मावळेल. वद्य पक्षात हाच गुणाकार सूर्यास्तात मिळवला की चंद्र उगवण्याची वेळ येते. बस, एवढंच.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, उदाहरण घ्या. वैशाख शुक्ल तृतीया, खान्देशात सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. तीन गुणिले 48 म्हणजे दोन तास 24 मिनिटं. झोक्यावर गाणी म्हणणाऱ्या माहेरवाशिणींना पश्चिमेला बारीक कोर सव्वानऊच्या आसपासपर्यंत दिसते, पुढे सगळी रात्र अंधारी. दुसऱ्या टोकाला महाशिवरात्र, माघ वद्य चतुर्दशी. 14 गुणिले 48 म्हणजे अकरा तास 12 मिनिटं. सूर्यास्त साडेसहाचा धरला तर चंद्र पहाटे पावणेसहाच्या सुमारास उगवणार. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पहाटे पोचणाऱ्या भाविकांना तो पूर्वेला अगदी खाली, काही वेळापुरताच सापडतो.

48 चा आकडा कुठून आला? महिन्यात 30 तिथी असतात आणि तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत एक पूर्ण दिवस गमावतो. 24 तासांचे 30 भाग केले की 48 मिनिटं येतात. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने, काही महिन्यांत तासाभरानेही चुकू शकतो, याची कारणं पुढे येतीलच. तरीही शेतात, प्रवासात, वीज गेलेल्या रात्री तो फार उपयोगी पडतो.

पण सगळीकडे तर "रोज पन्नास मिनिटं उशीर" असं लिहिलेलं असतं?

तेही बरोबरच आहे. 48 मिनिटं एका तिथीची, 50 मिनिटं एका दिवसाची. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी 29.53 दिवस जातात आणि त्यात 30 तिथी बसतात, म्हणून तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते.

उशिराचं मूळ कारण चंद्राच्या चालण्यात आहे. तो पृथ्वीभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दिवसाला सुमारे 13 अंश पूर्वेला सरकतो. कालच्या वेळेला आपण पुन्हा त्याच जागी येतो तेव्हा चंद्र पुढे निघून गेलेला असतो, आणि त्याला गाठायला पृथ्वीला आणखी थोडं फिरावं लागतं. आपल्या अक्षांशावर हा उशीर कधी चाळीसच मिनिटांचा असतो, कधी तासाच्याही वर जातो. पन्नास ही त्यातली सरासरी.

भाद्रपद-आश्विनात संकष्टीचा चंद्र साडेआठलाच दिसतो आणि वैशाखात दहा वाजून गेले तरी नाही. असं का?

उपास करणाऱ्यांना हा फरक पोटाने कळतो, पण त्यामागचं कारण फार थोड्यांना सांगितलं जातं. म्हणून जरा सविस्तर.

चंद्राचा मार्ग आकाशात तिरका आहे. महिनाभरात तो एकदा उत्तरेकडे चढतो आणि एकदा दक्षिणेकडे उतरतो. चंद्र उत्तरेला असला की आपल्याकडे तो ईशान्येच्या बाजूला लवकर उगवतो आणि जास्त वेळ आकाशात राहतो. दक्षिणेला असला की आग्नेयेला उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. आता भाद्रपद-आश्विनातली पौर्णिमा पाहा. तिच्या पुढच्या तीन-चार दिवसांत चंद्र रोज उत्तरेकडे सरकत असतो. पूर्वेला सरकल्यामुळे होणारा उशीर उत्तरेला चढल्यामुळे काही अंशी भरून निघतो, आणि रोजचा फरक चाळीस मिनिटांच्या घरात येतो. चैत्र-वैशाखात याच्या उलट घडतं : पौर्णिमेनंतरचा चंद्र रोज दक्षिणेला उतरतो आणि दोन्ही उशिरांची बेरीज होते. तीन-चार दिवसांत हा फरक साचून तासाभराचा होतो.

त्यात सूर्यास्ताची भर पडते. आश्विनात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, वैशाखात सातला. हिशेब सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून वैशाखातला उपास आणखी लांबतो. ज्या घरात आजी किंवा आजारी माणूस संकष्टी धरतं, त्यांनी वैशाख-ज्येष्ठातला चंद्रोदय आधी बघून ठेवावा आणि फराळाची सोय तशी करावी.

संकष्टी कोणत्या दिवशी धरायची, हे कसं ठरतं?

ज्या दिवशी चंद्र उगवताना वद्य चतुर्थी चालू असेल, त्या दिवशी. म्हणूनच सकाळी दिनदर्शिकेत तृतीया दिसत असते आणि संकष्टी मात्र त्याच दिवशी असते. मंगळवारी आली की अंगारकी.

दिनदर्शिकेत मुंबईची वेळ दिलेली असते. आमच्या गावची कशी काढायची?

पूर्वेकडच्या गावाला चंद्र आधी दिसतो. रेखांशाच्या एका अंशाला सुमारे चार मिनिटं पडतात. या हिशेबाने जळगावला चंद्र मुंबईपेक्षा दहा-अकरा मिनिटं आधी उगवतो, धुळ्याला सात-आठ, नंदुरबारला पाच-सहा. रावेरला बारा-तेरा मिनिटं आधी. नागपूरची वेळ हाताशी असेल तर जळगावसाठी तीत चौदा मिनिटं मिळवा. आपण मुंबईच्या उत्तरेलाही आहोत, त्यामुळे चंद्र फार उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल त्या दिवशी आणखी तीन-चार मिनिटं इकडे-तिकडे होतात.

छापलेली वेळ सपाट क्षितिजासाठी असते, हे मात्र ध्यानात ठेवा. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि पूर्व-पश्चिम बाजू बऱ्यापैकी मोकळ्या. म्हणून अमळनेर, धरणगाव, भुसावळकडे छापील वेळ आणि डोळ्यांनी दिसण्याची वेळ फारशी वेगळी पडत नाही. डोंगराच्या पायथ्याची गोष्ट निराळी. क्षितिज एक अंशाने वर उचललेलं असेल तर चंद्र चार-पाच मिनिटं उशिरा दिसतो. मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा ईशान्येकडून उगवते, त्यामुळे यावल, चोपडा, शहाद्याच्या सातपुड्यालगतच्या गावांना तो डोंगराआडून वर येताना दिसतो. चाळीसगावच्या दक्षिणेला पाटण्याच्या बाजूला ज्येष्ठ पौर्णिमेचा आग्नेयेकडचा चंद्र असाच डोंगरामागे अडून राहतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या दऱ्यांत तर छापील वेळेवर विसंबूच नये.

तिथी कधी वीस तासांची, कधी सव्वीस तासांची. ही गडबड कशामुळे?

सूर्यापासून चंद्र 12 अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीजवळ असताना तो वेगाने धावतो, दूर असताना सावकाश. म्हणून 12 अंशांचं अंतर तोडायला त्याला कधी वीसच तास लागतात, कधी जवळपास सत्तावीस. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली तर तिचा क्षय, दोन सूर्योदय गाठले तर वृद्धी.

कोजागिरीचा घोळ यातूनच होतो. 2025 मध्ये आश्विन पौर्णिमा 6 ऑक्टोबरच्या दुपारी सुरू झाली आणि 7 तारखेला सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपली. मध्यरात्री पौर्णिमा हवी, म्हणून दूध आटवायचं ते 6 तारखेलाच. 7 च्या रात्रीचा चंद्र डोळ्यांना तितकाच गोल वाटला, तरी तिथीने तो प्रतिपदेचा होता.

पंचांगात एका तारखेच्या पुढे चंद्रोदयाची वेळच नाही. छपाईची चूक आहे का?

नाही, चूक नाही. दर महिन्यात वद्य अष्टमीच्या आसपास असं होतं. समजा, सोमवारी चंद्र रात्री 11:40 ला उगवला. पुढचा उदय पन्नास मिनिटांनी उशिरा, म्हणजे साडेबाराला. पण तोवर तारीख बदलून बुधवार लागलेला असतो. मंगळवारच्या खात्यात चंद्रोदय पडतच नाही. शुक्ल अष्टमीच्या आसपास चंद्रास्ताच्या रकान्यातही अशीच एक मोकळी जागा येते. आपल्या जुन्या पद्धतीत दिवस सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबात ही मोकळी जागा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सरकते. नाहीशी मात्र होत नाही.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात ना?

हा गैरसमज शिकल्या-सवरल्या माणसांतही आहे आणि तो जायला हवा. पृथ्वीची सावली चंद्रावर फक्त ग्रहणात पडते. एरवी चंद्राचा अर्धा भाग नेहमीच सूर्यप्रकाशात असतो. त्या उजळलेल्या अर्ध्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, यावर कला ठरते.

पटत नसेल तर शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या दुपारी चार वाजता अंगणात उभे राहा. सूर्य पश्चिमेला, चंद्र आग्नेयेला किंवा दक्षिणेकडे वर आलेला असतो. हातात लिंबू घ्या, हात लांब करून ते चंद्राच्या शेजारी दिसेल असं धरा. उन्हाने लिंबाची जी बाजू उजळते, अगदी तीच बाजू चंद्राचीही उजळलेली दिसते. लिंबावर पृथ्वीची सावली कुठून येणार? मुलांना हे एकदा दाखवलं की पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

कोर कधी आडवी, कधी उभी का दिसते?

कोरीची फुगलेली बाजू नेहमी सूर्याकडे असते. सूर्य मावळल्यावर तो क्षितिजाखाली कोरीच्या बरोबर खाली असेल तर कोर आडवी दिसते, दोन्ही टोकं वर. सूर्य तिरका, उजवीकडे खाली असेल तर कोर कललेली, उभी दिसते.

खान्देशात हा फरक फार ठळक आहे. फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी सूर्य-चंद्राचा मार्ग आपल्या पश्चिम क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभा असतो, म्हणून पाडव्यानंतरची दुसरी-तिसरीची कोर अगदी आडवी असते. आश्विन-कार्तिकात तोच मार्ग सुमारे 45 अंशांनी कललेला, त्यामुळे कोर उभी. पहाटेच्या कोरीचं याच्या उलट. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी उठाल तेव्हा पूर्वेला पाहा. वद्य चतुर्दशीची ती बारीक कोर आडवी पडलेली असते. (नरक चतुर्दशीचा दिवसही चंद्रोदयाला चतुर्दशी आहे का, हे पाहूनच ठरवतात.)

कोरीच्या टोकांचा हा कल काढण्याचं गणित भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त शृंगोन्नती या प्रकरणात मांडलं आहे. शृंग म्हणजे कोरीचं टोक, उन्नती म्हणजे त्याचं वर उचललेलं असणं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी जो मठ स्थापला, तो आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला. चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारातले ज्योतिषी. पाटणादेवीला दर्शनाला आपण सगळेच जातो. तिथे साडेआठशे वर्षांपूर्वीच्या गणिताची परंपरा शिकवली जायची, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

त्या बारीक कोरीच्या आत बाकीचा चंद्रही अंधूक दिसतो. तो कसा?

तो पृथ्वीचा उजेड. पृथ्वीवर पडलेला सूर्यप्रकाश परतून चंद्रावर जातो आणि तिथून पुन्हा आपल्याकडे येतो. शुक्ल द्वितीया ते चतुर्थीपर्यंत चांगला दिसतो.

रात्री शेतात पाणी भरायला जायचं असतं. चांदणं कधी मिळेल?

केळीला, मक्याला, गव्हाला पाणी भरण्यासाठी ज्यांची थ्री फेज वीज रात्रीची असते, त्यांच्यासाठी हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. विंचू-सापाची भीती आणि सातपुड्याच्या कडेला बिबट्याची.

ढोबळ नियम असा : शुक्ल पक्षात आधी चांदणं, मग अंधार, वद्य पक्षात आधी अंधार, मग चांदणं. रब्बीच्या दिवसांत सूर्य सहाच्या आत मावळतो. शुक्ल अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळेल, दशमीला पहाटे दोनच्या सुमारास, त्रयोदशीला चारनंतर. पौर्णिमेला रात्रभर. वद्य पंचमीला तो दहाच्या सुमारास उगवेल आणि अष्टमीला मध्यरात्रीनंतर.

इथे एक गोष्ट फसवते. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून उजेडही पौर्णिमेच्या निम्मा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा असतो. चंद्राची जमीन खडबडीत आहे. ऊन तिरकं पडतं तेव्हा खड्ड्यांच्या आणि डोंगरांच्या सावल्या लांब पसरतात आणि उजेड घटतो. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या लपतात. म्हणून बांधावरून बिनघोर चालता येईल असं चांदणं शुक्ल एकादशीपासून वद्य चतुर्थीपर्यंतच मिळतं, असं धरून चाला. बाकीच्या रात्री, आणि या रात्रीही, पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. उभ्या केळीच्या बागेत तर पौर्णिमेचं चांदणंही जमिनीपर्यंत पोचत नाही.

धनत्रयोदशीपासून सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेला चढणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. आश्विन वद्य त्रयोदशी ते अमावास्या, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यांत काळ्या रात्री. चंद्राची कोर उगवते ती पहाटे, आणि तिच्या उजेडात पाऊलवाट दिसत नाही.

थंडीतला पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर येतो आणि उन्हाळ्यातला नाही. खरं की भास?

अगदी खरं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. थंडीत सूर्य दक्षिणेला, म्हणून पूर्ण चंद्र उत्तरेला आणि उंच; उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला, म्हणून चंद्र दक्षिणेला आणि खाली. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारातून मध्यरात्री वर पाहाल तर मान पार मागे टाकावी लागते.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो खान्देशासारख्या पट्ट्यातच अनुभवता येतो. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी सुमारे 5 अंशांचा कोन करते आणि हा कल 18.6 वर्षांत एक फेरा पुरा करतो. 2024-25 च्या सुमारास चंद्र दर महिन्याला साडेअठ्ठावीस अंश उत्तरेपर्यंत आणि तितकाच दक्षिणेपर्यंत जात होता. आपला अक्षांश 21. त्यामुळे उत्तरेच्या टोकाला असलेला चंद्र आपल्या डोक्यावरून न जाता डोक्याच्या उत्तरेकडून गेला. म्हणजे मध्यरात्री चांदण्यात तुमची आखूड सावली दक्षिणेला पडते! 2034 च्या सुमारास चंद्र साडेअठराच अंशांपर्यंत जाईल. तेव्हा मार्गशीर्ष पौर्णिमेला तो आपल्या डोक्याच्या किंचित दक्षिणेकडून जाईल. मधल्या वर्षांत कधी तो बरोबर माथ्यावर येईल, ते दर थंडीत तपासत राहण्यासारखं आहे. उभी काठी आणि तिची सावली एवढंच साहित्य लागतं.

दिवसा चंद्र दिसणं अशुभ आहे का?

नाही. तो महिन्यातले बरेच दिवस दिवसाउजेडी आकाशात असतो. शुक्ल अष्टमीचा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, वद्य अष्टमीचा दुपारपर्यंत टिकतो.

उगवताना चंद्र मोठा आणि लाल का असतो?

मोठा दिसणं हा मनाचा खेळ आहे. करंगळी हात लांब करून चंद्रावर धरा. क्षितिजावर आणि डोक्यावर तो सारखाच झाकला जातो. लाल रंग मात्र खरा. क्षितिजाजवळ चंद्राचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, निळा भाग वाटेतच विखुरतो. चैत्र-वैशाखात आपल्याकडची धूळ त्यात भर घालते.

चंद्राचं अंतर बदलतं तेव्हा त्याचा आकार खरोखरच थोडा बदलतो. तो जवळात जवळ सुमारे 3,56,500 किलोमीटरवर येतो आणि दूरात दूर 4,06,700 किलोमीटरवर जातो. ज्याला सुपरमून म्हणतात तो जवळच्या टप्प्यातला पूर्ण चंद्र. नुसत्या डोळ्यांना हा फरक सहज कळत नाही.

दर पौर्णिमेला ग्रहण का नाही लागत?

वर सांगितलेल्या 5 अंशांच्या कलामुळे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. पौर्णिमेच्या वेळीच तो दोन कक्षांच्या छेदनबिंदूजवळ, म्हणजे राहू किंवा केतूपाशी असेल, तर सावलीत शिरतो.

7 सप्टेंबर 2025 च्या भाद्रपद पौर्णिमेला सबंध भारतातून दिसण्याजोगं खग्रास ग्रहण होतं. रात्री 11 ते 12:22 चंद्र पूर्ण सावलीत होता. 3 मार्च 2026 च्या फाल्गुन पौर्णिमेचं ग्रहण निराळं. त्याची खग्रास स्थिती आपल्याकडे चंद्रोदयाच्या आधीच संपते आणि साडेसहाच्या सुमारास उगवलेल्या चंद्रावर शेवटचा खंड पावणेसातपर्यंतच, म्हणजे अगदी थोडा वेळ राहतो. नीट पाहण्यासारखं खग्रास ग्रहण 31 डिसेंबर 2028 च्या रात्री आहे, ग्रहणाचा मध्य सव्वादहा-साडेदहाच्या दरम्यान. थंडीतलं निरभ्र आकाश आणि उंच चढलेला चंद्र. खान्देशासाठी याहून चांगली वेळ सापडणं कठीण. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहायला काहीच धोका नाही.

पाटण्याच्या ज्या शिलालेखात चांगदेवांच्या मठाची हकिगत आहे, त्यातही ग्रहण आहे. शके 1128, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. तेव्हा निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने या मठाला दान दिलं, असं तो लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. खगोल शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान मिळावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बऱ्हाणपूरच्या पाहुण्यांचा महिना आमच्यापेक्षा वेगळा कसा?

आपला महिना अमावास्येला संपतो, मध्य प्रदेशात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्षात ते एक महिना पुढे असतात. म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमीची गोकुळाष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदातली. दिवस तोच, चंद्र तोच. रावेर, मुक्ताईनगरकडे सोयरीक दोन्ही बाजूंना असते, तेव्हा लग्नाची तिथी कळवताना इंग्रजी तारीखही लिहावी.

भुलाबाईचा महिना पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत. तो नेमका किती दिवसांचा?

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते, कोजागिरीला उठते. हा काळ सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. पण चंद्र पृथ्वीभोवती 27.3 दिवसांतच फेरी पुरी करून त्याच नक्षत्रात परततो. मग वरचे दोन दिवस कशाचे? घड्याळात बारा वाजता दोन्ही काटे जुळतात. मिनिटकाटा तासाभरात फेरी मारून बारावर येतो, पण तोवर तासकाटा एकावर सरकलेला असतो आणि त्याला गाठायला आणखी पाच-साडेपाच मिनिटं लागतात. सूर्यही महिनाभरात ताऱ्यांमधून जवळजवळ एक रास पुढे सरकतो आणि चंद्राला ते अंतर तोडावं लागतं. त्याचमुळे भाद्रपद पौर्णिमेचा चंद्र भाद्रपदा नक्षत्रांच्या आसपास असतो, तर कोजागिरीचा अश्विनीजवळ. महिन्यांची नावं यातूनच आली.

अधिक महिना, धोंड्याचा महिना, कशासाठी?

बारा चांद्रमास सुमारे 354 दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट साचते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्त घेऊन ती भरली जाते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. हा महिना घेतला नसता तर पोळा हळूहळू उन्हाळ्यात गेला असता.

ईदचा चंद्र कधी आणि कुठे पाहायचा?

अमावास्येनंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या संध्याकाळी, पश्चिमेला, सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनंतर. अमावास्येचा क्षण उलटून वीसेक तास झाले नसतील तर कोर सहसा नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आलेली कोर आडवी आणि उंच असते, शोधायला सोपी. पावसाळ्यात ढगांची कृपा हवी.

गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात. तो किती वाजेपर्यंत असतो?

भाद्रपद शुक्ल चतुर्थी. सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो आणि या दिवसांत चंद्र हिशेबापेक्षा लवकर खाली जातो. साडेआठ-नऊपर्यंत तो पश्चिमेला असतो. पाहायचा की टाळायचा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. दोघांनाही वेळ कळलेली बरी.

शाळेतल्या मुलांकडून महिनाभर चंद्र पाहून घ्यायचा आहे. सुरुवात कधी करावी?

कार्तिक किंवा मार्गशीर्षातली शुक्ल द्वितीया धरा. पाऊस गेलेला, धूळ अजून उठलेली नाही, आणि अंधार लवकर पडतो. पहिले पंधरा दिवस रोज एकाच वेळी, संध्याकाळी सातला, गच्चीवरच्या एकाच जागेवरून पाहायचं. वहीत क्षितिजाचं चित्र आधीच काढून घ्यायचं : पाण्याची टाकी, कडुलिंब, देवळाचा कळस. त्यावर चंद्राची जागा, आकार आणि तिथी. चंद्र रोज पूर्वेकडे सरकताना मुलांच्या हातूनच कागदावर उतरतो. पौर्णिमेच्या दिवशी तो सूर्यास्तालाच उगवताना पाहायचा; समोरासमोर सूर्य आणि चंद्र हे दृश्य एकदा तरी प्रत्येक मुलाला दाखवाच. काठीसारख्या सातपुड्यातल्या गावांत, जिथे राजवाडी होळी पहाटे पेटते, तिथल्या मुलांना याची दुसरी बाजू फाल्गुनात आपोआप दिसते : होळीच्या ज्वाळा उठतात आणि पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला उतरत असतो.

दुसऱ्या पंधरवड्यात वेळ बदला. वद्य द्वितीयेपासून संध्याकाळी सातला चंद्र मिळणार नाही. पाहायचं ते सकाळी, शाळेला निघताना सातच्या सुमारास, पश्चिमेपासून डोक्यापर्यंत. वद्य दशमीनंतर पूर्वेकडे, सूर्याच्या जवळ, आणि तेव्हा उन्हं वर येण्याआधीच नोंद घ्यायची, कारण सूर्य उगवून थोडा वर आला की ती बारीक कोर दिसेनाशी होते.